कोर्ट उठेपर्यंत

मे २०२५ मधली गोष्ट आहे. पहाटे चार चाळीसला फोन वाजला आणि स्क्रीनवर काकांचं नाव दिसलं तेव्हाच पोटात गोळा आला, कारण काका कधी फोन करत नाहीत, गाडी गोडाऊनला लावतात, किल्ली खिळ्याला अडकवतात आणि घरी जाऊन झोपतात.

"भाऊ, एक सायकलवाला लागला. मी त्याले घेऊन मेडिकलले आलो. तुम्ही या."

एवढंच बोलले.

आमचा नागपुरात बिछायतीचा धंदा आहे, म्हणजे लग्नाकार्याला मांडव, गाद्या, खुर्च्या भाड्याने देण्याचा. वडिलांनी सुरू केला, मी चालवतो. नंदनवनला गोडाऊन, दोन छोटा हत्ती, गाद्या, खुर्च्या, पडदे, एक जनरेटर, आणि सीझनला दहा-बारा पोरं. काका वडिलांच्या वेळेपासूनचे ड्रायव्हर, मला शाळेत सोडायचे, म्हणून मी त्यांना काकाच म्हणतो, ते मला भाऊ म्हणतात. नंतर कोर्टाच्या कागदावर ते "गैरअर्जदार क्र. १" झाले अन् मी "गैरअर्जदार क्र. २" झालो, तर ते वाचताना क्षणभर कळलंच नाही की हे आमच्याबद्दल चाललंय.

झालं असं की त्या रात्री बेसाला लग्न होतं. मांडव उतरवून, सामान भरून काका पहाटे निघाले, मानेवाड्याहून रिंग रोडला लागले आणि उदयनगरच्या अलीकडे त्यांना झपकी लागली. समोर पेपरवाला सायकलवर होता, गठ्ठे उचलायला निघालेला. डाव्या पायाची दोन्ही हाडं गेली, डोक्याला टाके. काकांनी गाडी थांबवली, दोन चहावाल्यांच्या मदतीने त्याला मागे गाद्यांवर झोपवलं आणि सरळ मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्याच्या, ट्रॉमाला नेलं. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ हेच सांगतं, जखमीला दवाखान्यात न्या आणि पोलिसांना कळवा, पण काकांना ते कलम काय माहीत, त्यांना माणूस रस्त्यावर पडलेला दिसला. गंमत बघा, पुढच्या आठवड्यात भेटलेल्या निम्म्या लोकांचा पहिला प्रश्न होता, "थांबला काहून पण? पहाटे कोण पाहून राहिलं होतं?"

मी मेडिकलला पोचलो तेव्हा पेपरवाल्याला आत नेलं होतं आणि काका बाहेर पायरीवर बसले होते, शर्टावर रक्त. मी त्यांच्याजवळ बसलो आणि मग मला आठवलं. विमा.

गाडीचा विमा अकरा दिवसांपूर्वी संपला होता. मला माहीत होतं, विसरलो वगैरे नव्हतो. तीन मेसेज आले होते. मालवाहू गाडीचा नुसता थर्ड पार्टी विमासुद्धा तेव्हा १६ हजारांच्या वर जायचा, जीएसटी धरून १८ च्या आसपास, आणि त्याच आठवड्यात मी सिलिंगचा नवीन कपडा घेतला होता कारण बेसाच्या पार्टीला पांढरा-सोनेरी पाहिजे होता. म्हटलं, सीझन संपला की भरू. दहा-पंधरा दिवसांनी काय होते. हे "काय होते" मी स्वतःच्या तोंडाने बायकोला म्हटलेलं आहे, म्हणून पक्कं आठवते.

सकाळी सातपर्यंत माझ्याकडे चार सल्ले जमा झाले होते. एका एजंटने सांगितलं की मागची तारीख टाकून पॉलिसी निघणार नाही, आता सगळं ऑनलाइन, कागदावर मिनिटासकट वेळ छापून येते, नाही तर "सेवा केली असती". दुसऱ्याने सांगितलं, ज्या गाडीचा विमा आहे ती दुसरी गाडी दाखव. तिसरा म्हणाला पेपरवाल्याच्या घरच्यांना वीस-पंचवीस हजार दे आणि "मी स्वतःच घसरून पडलो" असं लिहून घे, शुद्धीवर आला की लगेच, उशीर नको. चौथा सल्ला काकांचा होता. "भाऊ, माही झपकी लागली. मी लिहून देतो. तुम्ही काहून टेन्शन घेता, तुम्ही तर घरी झोपून होते."

मी घरी झोपून होतो हे खरंच होतं.

पोलिस स्टेशनला मात्र काही सिनेमासारखं झालं नाही. एक हवालदार, त्यांच्या टेबलावर पंखा, पंख्याला दोरा बांधलेला. गुन्हा काकांवर दाखल झाला, भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ आणि १२५, म्हणजे बेदरकार गाडी चालवणं आणि त्यात गंभीर दुखापत. १ जुलै २०२४ पासून आयपीसी गेली, जुन्या लोकांच्या तोंडात अजून २७९-३३८ च बसलंय, हवालदार आधी तेच म्हणाले आणि मग स्वतःशीच पुटपुटत नवीन नंबर लिहिले. गुन्हा जामीनपात्र, त्यामुळे टेबल जामिनावर, म्हणजे ठाण्यातच मिळणाऱ्या जामिनावर, काका दुपारी सुटले. माझ्यावर लागलं कलम १४६ आणि १९६, विमा नसलेली गाडी रस्त्यावर आणल्याचं. गाडी जमा झाली, आणि विमा नसलेली गाडी सुपूर्दनाम्यावर सोडवताना कोर्ट भरपाईच्या पोटी सिक्युरिटी मागते हे मला तेव्हा कळलं, ती गाडी ठाण्याच्या आवारात दोन महिने उभी होती, अर्धा सीझन तसाच गेला.

मग हवालदारांनी मला विचारलं, "ड्रायव्हर ड्युटीवर किती वाजल्यापासून होता?"

मी म्हटलं, "संध्याकाळी सहापासून."

त्यांनी लिहिलं. काका शेजारीच बसले होते, त्यांनी मान वर केली नाही. पोलिसांसमोरच्या अशा जबाबावर आपली सही घेत नाहीत, कायद्यातच तसं आहे, त्यामुळे ते वाक्य नुसतं हवेत सोडल्यासारखं सोडून मी बाहेर आलो आणि बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, खोटं काहून सांगू.

खरं काय होतं ते माझ्या वहीत होतं. गोडाऊनला एक लांबट वही असते, त्यात मी आदल्या रात्री लिहून ठेवतो कोण कुठे जाणार. त्या दिवशीचं माझ्या अक्षरात: "काका – ७ वा. दिघोरी उतरवणे, ११ वा. बेसा भरणे, रात्री बेसा उतरवून परत." सकाळी सात ते पहाटे चार. एकवीस तास. दुसरा ड्रायव्हर साळ्याच्या लग्नाला सुट्टीवर गेला होता आणि बदलीचा माणूस दिवसाचे हजार मागत होता. ट्रान्सपोर्टच्या कामगारांसाठी तेव्हा १९६१ चा कायदा होता, दिवसाचे आठ तास, आठवड्याचे अठ्ठेचाळीस, आता तो माझ्यासारख्या दोन गाड्यांच्या धंद्याला लागायचा की नाही हा वकिलांचा विषय, पण आठ आणि एकवीस यातला फरक समजायला वकील लागत नाही. ती वही पोलिसांनी मागितलीच नाही. कोणीच मागितली नाही. शेवटपर्यंत.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात गेलो. मी तयारी करून गेलो होतो की शिव्या पडतील, आणि शिव्यांची तयारी सोपी असते. पेपरवाल्याची बायको स्टुलावर बसली होती. मी कोण ते सांगितलं. ती बराच वेळ काही बोललीच नाही आणि मग म्हणाली, "लाईन कोण टाकीन?"

मला आधी समजलंच नाही. लाईन म्हणजे पेपरची लाईन, एकशे चाळीस घरं. दोन दिवस पेपर पडला नाही तर लोक दुसऱ्याला सांगतात, आणि लाईन गेली की गेली, परत मिळत नाही. पाय चार-सहा महिन्यांनी जुळेल पण लाईन आठवड्यात जाईल. तिचं सगळं लक्ष तिकडे होतं.

तर मग मी आणि गोडाऊनचा एक पोट्टा, आम्ही लाईन टाकली. पहिल्या दिवशी पेपरवाल्याने झोपल्या झोपल्या मोबाईलवर घरं सांगितली, "निळं गेट, मग कुत्रं आहे ते, मग जोश्यांचा वरचा मजला नाही खालचा", आम्ही तरी अकरा घरं चुकवली. एका आजोबांनी गॅलरीतून मला झापलं की सहा वाजून गेले, हिंदी पेपर का टाकला, तीस वर्षं आमच्याकडे मराठीच येतो. महिनाभर असं केलं, नंतर त्याचा भाचा आला गावाकडून. हे मी मोठेपणा म्हणून नाही सांगत. एक तर धंदा बंदच होता अर्धा. दुसरं म्हणजे पहाटे चार वाजता उठून गाडी चालवणं काय असतं ते मला पहिल्यांदा कळलं, मी तर रात्री दहाला झोपून उठायचो तरी चौथ्या दिवशी डोळे मिटायला लागले.

दवाखान्याचा आणि औषधाचा खर्च मी करत होतो. पोलिसांनी दोन फॉर्म दिले, एक ड्रायव्हरने भरायचा एक मालकाने, २०२२ च्या नियमांपासून अपघाताचा सविस्तर अहवाल पोलीस थेट ट्रायब्युनलला, म्हणजे अपघात भरपाईच्या कोर्टाला, पाठवतात त्यासाठी. मालकाच्या फॉर्ममध्ये विम्याचा रकाना होता. तिथे "नाही" लिहिलं. एवढ्या लहान रकान्यात एवढा मोठा शब्द पहिल्यांदाच लिहिला.

ऑगस्टात नोटीस आली. पेपरवाल्याने मोटार अपघात दावा प्राधिकरणात कलम १६६ चा अर्ज केला होता. माझ्या मेहुण्याला वाईट वाटलं, "एवढं केलं त्याच्यासाठी अन् केस केली त्यानं." मला नाही वाटलं. कायद्यात अर्जाला सहा महिन्यांची मुदत आहे, ती चुकली तर त्याचा हक्क जाऊ शकतो, आणि माझ्या चांगुलपणावर त्याने आयुष्य का काढावं, मी उद्या तोंड फिरवलं तर?

नोटीस आली तो आठवडा पोळ्याचा होता. दुसऱ्या दिवशी मारबत. बाहेरच्यांसाठी सांगतो, नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे बाईचे मोठे पुतळे, निघतात, काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून, त्यांच्यासोबत बडगे म्हणजे पुरुषांचे पुतळे, आणि अख्खं शहर ओरडतं, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत!" महागाई घेऊन जा, भ्रष्टाचार घेऊन जा, जे काही वाईट झालं ते घेऊन जा, आणि मग तिला जाळतात. मी लहानपणापासून जातो. यंदाही गेलो, शहीद चौकात गर्दीत उभा होतो, पोरं ओरडत होती, मीही तोंड उघडलं आणि काय घेऊन जा म्हणू ते सुचेना. काकांचा चेहरा समोर आला. माझी इडा पिडा तर काका ऑलरेडी घेऊन चालले होते.

वकीलसाहेब चांगले होते हे आधी सांगून टाकतो, हुशार आणि फी वाजवी. त्यांनी दोन गोष्टी समजावल्या ज्या मला तोपर्यंत डोक्यात नीट बसल्या नव्हत्या. एक, फौजदारी बाजूला निष्काळजीपणा ज्याच्या हातात स्टिअरिंग त्याचा, मालकाला त्यासाठी आत टाकत नाहीत. दोन, दिवाणी बाजूला म्हणजे भरपाईत, नोकराने कामावर असताना केलेल्या चुकीचे पैसे मालक देतो, विमा असता तर कंपनीने दिले असते आणि मला ट्रायब्युनलची पायरीसुद्धा फारशी चढावी लागली नसती. म्हणजे पैशाची जबाबदारी माझी अन् शिक्षेची काकांची. "कायदा असाच आहे," ते म्हणाले, आणि ते बरोबरच होतं. एकवीस तासांची वही लिहिणाऱ्यासाठी या दोन्ही खान्यांत जागा नव्हती. मला खरं तर सुटल्यासारखं वाटायला पाहिजे होतं.

मग त्यांनी भरपाईचा हिशोब कागदाच्या मागच्या बाजूला मांडून दाखवला. पेपरवाल्याचं वय ४७. सुप्रीम कोर्टाने २००९ मध्ये सरला वर्मा खटल्यात वयाप्रमाणे गुणक ठरवून दिलेत, ४६ ते ५० ला १३. कमाई महिना १२ हजार धरली. मेडिकलचं अपंगत्वाचं सर्टिफिकेट १८ टक्के. तर १२ हजार गुणिले १२ महिने गुणिले १३ गुणिले १८ टक्के, झाले ३ लाख ३६ हजार ९६०. वर सहा महिन्यांची बुडालेली कमाई ७२ हजार, वर वेदनांचे, जेवणाखाण्याचे, येण्याजाण्याचे, आणि पुढे वाढली असती त्या कमाईचेही टक्के धरतात. माणसाचा पाय असा गुणाकारात बसलेला बघताना विचित्र वाटते, पण दुसरा मार्ग तरी काय, नाही तर ज्याचा वकील मोठा त्याचा पाय महाग.

आठवड्याने त्यांनी लेखी जबाबाचा, वकिलांच्या भाषेत डब्ल्यूएसचा, ड्राफ्ट पाठवला. मराठीत होता, टाईप केलेला. "अर्जातील परिच्छेद ३ मधील मजकूर खोटा असून नाकबूल आहे. परिच्छेद ४ मधील मजकूर खोटा असून नाकबूल आहे." अपघात खोटा असून नाकबूल. पाय मोडला ते माहितीअभावी नाकबूल, आणि मी त्या पायाचा एक्स-रे हातात धरून उभा राहिलो होतो. "सदर अपघात अर्जदाराच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे घडला, अर्जदाराच्या सायकलला दिवा नव्हता." आणि सगळ्यात खाली: "वर नमूद केलेला मजकूर माझ्या माहिती व समजुतीप्रमाणे खरा आहे." त्याखाली माझ्या सहीसाठी रेघ.

मी फोन केला. म्हटलं, साहेब, हे खोटं आहे सगळं.

"अहो असाच असतो डब्ल्यूएस. सगळे असंच लिहितात. नाकबूल नाही केलं तर कबूल धरतात."

"पण कबूलच आहे न."

पलीकडे जरा शांतता. मग ते म्हणाले, "सायकलला दिवा होता का पण?"

नव्हता. हे खरं होतं. पण तिथे रस्त्यावरचे दिवे चालू होते आणि काकांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की दिवा असता तरी काय, डोळेच मिटलेले होते.

दोन दिवस मी तो कागद घेऊन फिरलो. सही करायची आणि मोकळं व्हायचं, कोणी काही बोललं नसतं, काका तर नाहीच. उलट काकांची बायको एक दिवस गोडाऊनला डबा घेऊन आली आणि म्हणाली, "तुमच्यावर नको यायला भाऊ काही, यांचं चुकलंच." मला मारलं असतं तर बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी वही घेऊन वकिलांकडे गेलो. ते पान उघडून समोर ठेवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं, चष्मा काढला. "हे कोणी मागितलं तुम्हाला?" कोणीच नाही म्हटलं. "मग तुम्ही स्वतःच्या पायावर धोंडा काहून मारून घेता?" आणि मग, जरा वेळाने, चहा सांगून, ते म्हणाले की हे दाखल करायचं असेल तर एक गोष्ट समजून घ्या, तुमचं आणि तुमच्या ड्रायव्हरचं हित आता एक नाही, मी दोघांचाही वकील राहू शकत नाही. तुम्ही म्हणता मी त्याला झोपू दिलं नाही, तो म्हणेल मला झोपू दिलं नाही, बोलणं एकच आहे पण कोर्टात त्या दोन बाजू होतात.

म्हणून काकांसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज केला. कोर्टाच्या आवारातच ऑफिस आहे. वर्षाचं उत्पन्न ३ लाखांच्या आत असेल तर मोफत वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून काढावा लागला. मी त्यांना महिना १६ हजार देतो. दाखल्यासाठी लिहून देताना तो आकडा पहिल्यांदा असा मोठ्या अक्षरात पाहिला.

नवीन लेखी जबाब एक पानाचा होता. अपघात कबूल, विमा नव्हता कबूल, आणि "सदर दिवशी चालक हा सकाळी ७ वाजेपासून कामावर होता व त्यास गैरअर्जदार क्र. २ यांनी विश्रांती दिली नव्हती." सोबत वहीच्या पानाची झेरॉक्स. पोलिसांना संध्याकाळी सहा सांगितलं होतं ते चूक होतं हेही लिहिलं. ते वाक्य वकिलांनी तीनदा खोडलं, मी तीनदा परत लिहायला लावलं, शेवटी ते वैतागून म्हणाले, "ठीक आहे, तुमची सही आहे, माझी नाही."

त्या काळात सिव्हिल लाईन्सला खूप चकरा झाल्या. मेडिकलकडून काकांना घ्यायचो आणि सीताबर्डीच्या उड्डाणपुलावरून झिरो माईलकडे उतरायचो. त्या पुलाचं नाव आदिवासी गोवारी शहीद उड्डाणपूल. रोज हजारो लोक जातात, नाव वाचतात की नाही माहीत नाही. २३ नोव्हेंबर १९९४ ला हिवाळी अधिवेशनावर गोवारींचा मोर्चा आला होता, चेंगराचेंगरी झाली, ११४ माणसं गेली, बाया आणि लेकरं जास्त. आदिवासी विकास मंत्र्यांनी राजीनामा दिला, न्यायमूर्ती दाणींचा आयोग बसला, आणि आता तिथे स्मारक आहे अन् पुलाला नाव आहे. काका एकदा पुलावर असताना म्हणाले, "तवा मी इथंच होतो भाऊ, टेम्पो घेऊन, चपला पडल्या होत्या निस्त्या." आम्ही अधिवेशनाच्या मोर्च्यांना दरवर्षी मांडव देतो, मला हे त्यांनी इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. बिछायतवाल्याचं डोकं कसं चालतं बघा, माझ्या मनात पहिला प्रश्न आला, बॅरिकेड कुठे लावायचं हे आदल्या रात्री कोणत्या तरी वहीत कोणीतरी लिहिलं असेल न? ती वही कुठे असेल?

असो.

डिसेंबरच्या लोकअदालतीत भरपाईचं प्रकरण मिटलं. लोकअदालत म्हणजे शनिवारी जिल्हा न्यायालयात जत्रा असते, टेबलं लावलेली, बँकांची, वीजबिलांची, चेक बाउन्सची. अपघाताच्या पॅनलसमोर सगळीकडे विमा कंपन्यांचे वकील फायलींचे गठ्ठे घेऊन बसलेले, आमच्या प्रकरणात कंपनीच नाही, नुसते आम्ही तिघं. पेपरवाला कुबडीवर आला होता. पॅनलवरच्या न्यायाधीश मॅडमनी फाईल वाचली, झेरॉक्स पाहिली, माझ्याकडे पाहिलं, "हे पान तुम्ही स्वतः दिलं?" हो म्हटलं. त्या काही बोलल्या नाहीत, पुढचं पान उलटलं.

४ लाख २५ हजार ठरले. २ लाख लगेच, बाकी पाच हप्त्यांत. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसते, तो दिवाणी कोर्टाच्या हुकुमासारखाच असतो, त्यामुळे मागे फिरायला दार नाही, आणि एका परीने तेच बरं. जनरेटर विकला. आता भाड्याने आणतो. बाहेर तर्री-पोहे खाल्ले तिघांनी, पेपरवाला म्हणाला, "तुमच्या पोट्ट्यानं त्या जोश्यांकडे महिनाभर वरच्याच मजल्यावर पेपर टाकला, अजून बोलतात मला." पैशाबद्दल काही बोलणं झालं नाही. मैत्री वगैरे झाली असं काही नाही. फोन नंबर आहे, हप्ता टाकला की मेसेज करतो, तो अंगठा पाठवतो.

फौजदारी जानेवारीत लागलं. छोटी कोर्टरूम, बेंच तीन, पंखे बंद कारण थंडी. आधी माझं झालं. विमा नसल्याचा गुन्हा कबूल आहे का, हो, दंड २ हजार रुपये. पहिल्या वेळेला एवढाच असतो, तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते पण सहसा देत नाहीत. पाच मिनिटं. पावती घेतली. दोन हजार. सिलिंगच्या कपड्याची शिलाई याच्यापेक्षा जास्त झाली होती.

मग काका. मॅजिस्ट्रेट साहेबांनी विचारलं गुन्हा कबूल आहे का. काका म्हणाले, "हो साहेब." साहेबांनी दोनदा समजावलं, कबूल केलं तर शिक्षा होईल, कोणाचा दबाव आहे का, विचार करायला वेळ पाहिजे का. काका म्हणाले, "दबाव नाही साहेब. झोप लागली होती." त्यांच्या वकील मुलीने, नवीनच होती, आवाज थरथरत होता, लेखी जबाबाची आणि वहीच्या पानाची प्रत पुढे केली आणि म्हणाली की मालकानेच मान्य केलंय, एकवीस तास, आणि जखमीला यांनीच दवाखान्यात नेलं, आधीचा एकही गुन्हा नाही. साहेबांनी ते पान बराच वेळ वाचलं. कलम १२५ मध्ये गंभीर दुखापतीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. माझे पाय थंड पडले होते, कारण तोपर्यंत मी धरून चाललो होतो की दंडावर सुटतील, कोणीच खात्री दिलेली नव्हती.

५ हजार दंड आणि कोर्ट उठेपर्यंत बसण्याची शिक्षा.

म्हणजे दिवसाचं काम संपेपर्यंत आरोपीने कोर्टातच बसायचं. लहानशी, पण शिक्षाच. काकांच्या नावावर ती कायमची लागली, माझ्या नावावर दोन हजारांची पावती.

सव्वाबारा वाजले होते. मी काकांच्या बाजूला मागच्या बेंचवर बसलो. शिपाई आला, मला म्हणाला, "तुमचं झालं न, तुम्ही जाऊ शकता." म्हटलं बसतो. "तुम्हाला बसायची गरज नाही," म्हणाला. म्हटलं हो, माहीत आहे. त्याने खांदे उडवले.

जेवणाच्या सुट्टीत काकांच्या बायकोने दिलेला डबा खाल्ला, पोळी आणि वांग्याची भाजी. दुपारी प्रकरणं चालूच होती, दारूची, मारामारीची, एक बकरी चोरल्याचं. काका आधी ताठ बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर, शाळेतल्या मुलासारखे. साडेतीनच्या सुमारास त्यांची मान हळूहळू खाली यायला लागली. मी बघत होतो. उठवू की नको. मग म्हटलं झोपू दे.

चारला शिपायाचं लक्ष गेलं. तो तडक आमच्या बेंचपाशी आला आणि काकांचा खांदा हलवून दबक्या आवाजात म्हणाला, "ओ बाबा, इथं झोपाचं नाही."

काका दचकून उठले, इकडेतिकडे पाहिलं, आणि झोपेतच, सवयीने, खिशात गाडीची किल्ली चाचपली.